तू काविळीनं गेली नाहीस

अक्का, तू काविळीनं गेलीस असं ठरलं आहे. ठरवणारे तुझ्याच घरचे. परवा तेरवीला बाजारहत्नूरच्या तुझ्या अंगणात मांडव घातला होता आणि येईल त्याला भाऊजी एकच सांगत होते, "कावीळ झाली, पोटात उतरली, हाती लागली नाई." ऐकणारे मान हलवत होते. एकानं तर झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ताही सांगितला, आता तुझी राख गोदावरीत गेल्यावर. तुझी पाठची बहीण, तहसील कचेरीतली संगीता, म्हणजे मीच, जिच्या तोंडाला सगळे टरकून असतात, ती तांब्या-भांडं घेऊन तिथंच उभी होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

कावीळ झालीच नव्हती असं नाही. शेवटी डोळे पिवळे झाले, नखं पिवळी झाली, कारण दुखणं काळजात, म्हणजे यकृतात, पोचलं होतं. पण ती शेवटची पाहुणी. घर आधीच दुसऱ्यानं खाल्लं होतं. तुला दोन्ही स्तनांचा कॅन्सर होता, अक्का. हे वाक्य आपल्या कुणाच्याच तोंडून इतक्या दिवसांत एकदाही पूर्ण निघालं नाही. तुझ्या सासूबाई 'तिथलं दुखणं' म्हणायच्या, भाऊजी 'तिचं ते' म्हणायचे, मी 'ब्रेस्ट' म्हणायची, म्हणजे इंग्रजीच्या आड लपायची. आता लिहिलं आहे. आभाळ कोसळायचं असेल तर कोसळू दे.

हे खोटं कशासाठी, ते तुलाही ठाऊक आहे. रेणूची सोयरीक गुडीहत्नूरला जवळजवळ जमली आहे. आईला दोन्हीकडे कॅन्सर होता म्हटलं की लोक मुलीकडे बोट दाखवतील, ही भीती. भीती खोटी नाही, दाखवतीलच. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की मुलीची वेळेवर तपासणी करत राहा, आणि ते तुझ्या लेकीला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बासरच्या कॉलेजात शिकत होती तेव्हा 'अभ्यास बिघडंल' म्हणून नाही, नोकरी लागली तेव्हा 'नवी नोकरी हाय' म्हणून नाही, आता 'लग्न होऊ द्या' म्हणून नाही. शेवटच्या दिवसांत तिनंच तुझी छाती पुसली, तेव्हा आजार तिला कळला. तिच्यासाठी डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मात्र नाही कळलं. तुझं गुणगान करायला बाकीचे समर्थ आहेत. मला तुझ्याशी भांडायचं आहे.

त्या डॉक्टरीणबाईंची खोली आठवते? हैदराबादेतली, काचेचं टेबल, खिडकीत तुळस. बोलायच्या निम्मं तेलुगू, निम्मं हिंदी. केमोच्या सलाइनी संपत आल्या होत्या, तुझं डोकं रुमालात बांधलेलं. त्यांनी कागदावर दोन गोल काढले. डाव्यात मोठा ठिपका, उजव्यात बारका. एकाचा कॅन्सर दुसऱ्याला लागलेला नाही, दोन्ही वेगवेगळे आहेत, असं त्या म्हणाल्या. तू माझ्या कानाशी येऊन पुटपुटलीस, "सवती हायत वं. एकीचं एकीले माईत नाई." मी हसले आणि भाऊजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच तुला आजारी पाडलं.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आणि फार चांगलं समजावलं. डावीकडे गाठ मोठी, आतून पसरलेली, तिथं पूर्ण स्तन काढण्यावाचून इलाज नाही. उजवीकडे बोराएवढी. तिथं दोन रस्ते. एक म्हणजे गाठ आणि तिच्या भोवतीचं थोडं मांस तेवढं काढायचं, स्तन राखायचा. पण मग त्या बाजूला काही आठवडे रोज शेक घ्यायचा, मध्ये खंड न पाडता. शेक म्हणजे ते किरणांचं यंत्र. दुसरा रस्ता, उजवाही पूर्ण काढायचा. काखेतल्या गाठी साफ निघाल्या, म्हणजे त्यांत कॅन्सर नसला, तर मग शेक बहुधा लागणार नाही. पुढे हवं असेल तर पोटाचं मांस वर लावून किंवा आत पिशवी बसवून नवा आकारही करता येतो. शिवाय एक रक्ताची तपासणी असते, हे दुखणं रक्तातून उतरत आलंय का ते कळायला. तसं निघालं तर दोन्ही काढणंच बरं, आणि मग मुलीनं, बहिणीनंही सावध राहायला हवं. तपासणी नाहीच केली तरी मुलीला अधूनमधून दाखवत जा. एवढं सांगून त्या म्हणाल्या, "दोनों रास्ते अच्छे हैं अम्मा. जो भी लो, पूरा करना. आधे में मत छोड़ना."

भाऊजी कागद घेऊन खाली गेले आणि आपण दोघी बाकावर बसलो. तेव्हा तू मला जे म्हणालीस ते मी शब्दन् शब्द सांगू शकते. "संगे, दोन्ही काढून टाकू दे. आपल्या घरचं मले माईत हाय. रोज शेकाले कोण आणीन, इतक्या लांब कोण राह्यन माह्यासंगं? मधीच कायतरी निघन आन् मले घरी नेतीन. एकडाव कापलं का सुटलो."

मी कचेरीत इतकी वर्षं माणसं पाहते आहे. आपल्या जमिनीची हद्द माणूस जितकी अचूक ओळखतो, तितकं तू तुझं घर ओळखलं होतंस. शरीरासाठी कुठला रस्ता चांगला ते डॉक्टरांनी सांगितलं. घरासाठी कुठला रस्ता चांगला ते तुला ठाऊक होतं. मी म्हटलं, बरोबर बोलतेस, आत जाऊन हेच सांग. तू मान डोलावलीस.

आणि आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सरळ तुला विचारलं, "आप क्या चाहती हैं, अम्मा?" तू भाऊजींकडे पाहिलंस. "त्याईले विचारा." एवढंच. मी टेबलाखालून तुझा पाय दाबला. तू पाय काढून घेतलास.

त्या संध्याकाळी भाऊजींनी सासूबाईंना फोन लावला. मोठा आवाज करून ठेवला होता, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. "दोन्ही काढल्यावर मंग बाई म्हणून काय राह्यलं तिच्यात?" त्या म्हणाल्या. "महालक्ष्म्या कोण उभ्या करन? अपुऱ्या अंगाच्या हातानं त्याईले लुगडं नेसोता येते का? एक तरी राहू द्या रे बाबू." झालं. डॉक्टरकीची इतकी पुस्तकं एका वाक्यात निकालात निघाली. भाऊजी मला म्हणाले, "आई म्हणते ते बी बरोबर हाय नं, संगीता. राखता येते तर काऊन काढाचं?" आणि रक्ताची तपासणी त्यांनी नको म्हटली. कागदावर आलं की गावात येतं, असं त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट मी भाऊजींच्या बाजूनंही लिहीन, नाहीतर तूच मला रागावशील. त्यांनी निवडलेला रस्ता चुकीचा नव्हता. डॉक्टरीणबाईंनीच दोन्ही चांगले म्हटले होते. शेकडो बायका त्या रस्त्यानं जाऊन नातवंडं खेळवत असतील. भाऊजींनी तुला कधी हात लावला नाही, उपाशी ठेवलं नाही. दुकान बंद ठेवून ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर उकिडवे बसून राहिले आणि रडले. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. निदान भांडायला तोंड सापडलं असतं.

डावा गेला, उजवीकडची गाठ गेली. काखेतल्या गाठी साफ निघाल्या. डॉक्टरीणबाई इतक्या खूश की त्यांनी तुझ्या गालाला हात लावला. आणि शेकासाठी मी रजा टाकून तुझ्यासोबत राहिले, दवाखान्यामागच्या गल्लीतल्या त्या एका खोलीत.

ते दिवस मी तुला कसे सांगू? तुलाच सांगायला हवेत, कारण तुझ्याशिवाय त्यांना साक्षीदार नाही. सकाळी शेक, तो काही मिनिटांचा. मग दिवस आपला. कोपऱ्यावरच्या अण्णाकडची इडली तू बशीतच मोडून खायचीस आणि म्हणायचीस, "दुसऱ्यानं केलेलं गरम गरम खाल्लं का नाई, अंगाले लागते." दुपारी पंख्याखाली पाय पसरून झोपायचीस. लग्नानंतर तुला दुपारी झोपलेली मी पहिल्यांदा पाहिली. शेजारच्या खोलीत निर्मल गावच्या एक तेलुगू बाई होत्या, त्यांच्याशी तू बाजारातल्या तेलुगूत तासन् तास बोलायचीस, आणि कोणाची सासू जास्त वाईट यावर तुमची पैज लागायची. ते पोटाचं मांस वर लावतात म्हणे, ते खरं का, असं तू मला हळूच विचारलंस. मी हो म्हटलं. "मंग मले केलंच पायजे. पोट तरी कमी व्हईल." आणि आपण दोघी इतक्या हसलो की टाक्यांवर हात धरून बसावं लागलं तुला. कॅन्सर झाला तेव्हा कुठं तुला माहेरपण मिळालं, ही आपल्या लोकांची रीत. तरीही मला ते दिवस मिळाले. त्याबद्दल मी कुणाचे आभार मानू ते कळत नाही, म्हणून तुझेच मानते.

आणि शेक अर्ध्यावर आला तेव्हा भाऊजी गाडी घेऊन दारात. महालक्ष्म्या आल्या होत्या.

"तीन दिवसांचं काम हाय," ते म्हणाले. "आल्या, जेवल्या, गेल्या, का लगेच आणून सोडतो." मी आडवी आले. डॉक्टरीणबाईंचे शब्द ऐकवले, दारात उभी राहिले, नको नको ते बोलले. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते. आणि तू काय करत होतीस? तू पिशवी भरत होतीस, अक्का. कुणी तुला ओढून नेलं नाही. "माह्या हातानं उभ्या राह्यते त्या. आजवर चुकलं नाई. आता चुकलं आन् रेणूले काई झालं तर?" असं म्हणालीस. मी म्हटलं, देवी एवढी खुनशी असते का? तू चप्पल घातलीस. निर्मलच्या बाईंनी तुला कुंकू लावलं, त्यांनाही सण कळत होता.

हे कुठल्याही दुसऱ्या मुलखातल्या माणसाला सांगितलं तर तो वेड्यात काढेल. पण आपल्याकडे कोणाला सांगायची गरजच नाही. इथं कुणाच्याही घरची बाई त्या दिवशी दवाखान्यातून उठून आली असती.

जेवणाच्या दिवशी मी आले. राग होता तरी आले, कारण तुला परत न्यायचं होतं. तू ज्येष्ठा-कनिष्ठेला उभं केलं होतंस. पत्र्याच्या धडात धान्य भरलेलं, वर मुखवटे, आणि कनिष्ठेच्या चोळीत तू कापडाच्या घड्या घालत होतीस, छाती नीट भरून दिसावी म्हणून. एकदा घातलीस, मागे सरून पाहिलंस, डावीकडे कमी वाटली म्हणून अजून एक घडी. तुझ्या स्वतःच्या चोळीची डावी बाजू सपाट होती. हळदी-कुंकवाला आलेल्या बायका कुंकू लावताना आधी तिथं बघत, मग तुझ्या कपाळाकडे. तुला ते दिसत होतं का? त्या घड्या घालताना तुझ्या मनात काय चाललं होतं? मला विचारायचं होतं. सोळा भाज्यांच्या गडबडीत राहून गेलं आणि मग कायमचंच राहिलं.

स्वयंपाकघरात तू कथलीचं, त्या ज्वारीच्या आंबिलीचं, भरलेलं पितळेचं गुंड डाव्या हातानं उचललंस. काखेतल्या गाठी काढल्यानं त्या हातानं वजन उचलायचं नाही असं दहादा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी हात सुजून बांगड्या रुतल्या. सासूबाईंनी हळद लावली.

विसर्जन झाल्यावर मी म्हटलं, चल. सासूबाई म्हणाल्या, गणपती उठू दे; गणपती उठले, तर पितृपक्ष लागला, आता शुभकार्य नाही की दवाखाना नाही. मी म्हटलं, दवाखाना शुभकार्य नाहीच, मग अडतं कुठं? त्यांना माझं बोलणं उर्मट वाटलं. पितृपक्ष झाला, तर घट बसले. घट उठले, तर दसऱ्याला पाहुणे. पाहुणे गेले, तर कोजागिरी, मग दिवाळीचा फराळ, आणि दिवाळीत लेक घरी येणार, तिला कळायला नको. आमच्या कचेरीत असंच करतात. अर्ज नामंजूर कुणी करत नाही. पुढच्या तारखेला या, एवढंच म्हणतात. माणूस तारखा खाऊन खाऊन मरतो आणि फाईलवर कुणाचीच सही नसते.

मी फोन करायची. तू म्हणायचीस, "येतो वं, एवढं झालं का येतो." गोळ्या मात्र नेमानं घेत होतीस, तुळशीला पाणी घालून मग गोळी. तेवढ्यानं तुला वाटायचं की आपण काही सोडलेलं नाही.

दिवाळीनंतर मी कुणाला न विचारता तुला गाडीत घातलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि जुना कागद काढून शेकाच्या तारखा मोजल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढा खंड पडल्यावर तो अर्धा शेक धरवत नाही, म्हणाल्या. आता सगळ्यात सुरक्षित म्हणजे उजवाही पूर्ण काढून टाकू, लवकर. म्हणजे अक्का, तू बाकावर बसून जे मागितलं होतंस, तेच. तुझं ऑपरेशन फिरून तुझ्याकडे आलं होतं. तू मला म्हणालीस, "पाह्यलं?" त्यात केवढा आनंद होता! परीक्षेत उत्तर बरोबर आलेल्या पोरीसारखा. मला तेव्हा तुझी इतकी माया आली आणि इतका राग आला की मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.

घरी काय झालं? रेणूला स्थळं येत होती. "घरात आता पुन्यांदा कापाकापी नको," भाऊजी म्हणाले. "बाई झोपून राह्यली तर पाह्याले येणारे काय म्हणतीन? पोरीचे हात पिवळे झाले का करून टाकू." आणि तू 'सरे' म्हणालीस. असं तेलुगूत म्हणायचीस तू, पटलं नाही पण भांडायचं नाही असं असलं की. दुकानातल्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं स्वतःच्या मरणाला म्हणालीस, सरे.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, तू भोगलंस. उजवीकडे पुन्हा आलं, मग काळजात. डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं, शेक पूर्ण झाला असता तर वाचली असती का? त्या म्हणाल्या, खात्रीनं कोणी सांगू शकणार नाही, पण आपण तिला पूर्ण संधी दिली नाही. 'आपण' म्हणाल्या. मोठ्या मनाची बाई. त्यांचा काय संबंध होता त्या 'आपण'शी?

आपलं शेवटचं भांडण अर्धं राहिलं आहे. तू उशाला टेकून बसली होतीस, मी मोसंबं सोलत होते. मी विचारलं, "त्या दिवशी आत काऊन नाई बोललीस? बाकावर तर पटपट बोलत होतीस." तू म्हणालीस, "तुह्यं बरं हाय संगे. तू कचेरीतून येते, दार लावून घेते, घर तुह्यं एकटीचं. मले ज्या घरात राह्याचं हाय तिथं बोलून कसं जमन?" मी म्हणायला गेले की न बोलूनही राहायला कुठं मिळालं तुला? तेवढ्यात सासूबाई तुझी पेज घेऊन आल्या आणि तू 'ठेवा जी आई' म्हणून हसलीस. ते वाक्य राहूनच गेलं. तुला ते लागलं असतं, हे खरं. तरी ऐकवलं असतं.

आणि ऐक, तूच मला लग्न नको म्हणायला शिकवलं होतंस. आबा माझ्यासाठी तिसरं स्थळ घेऊन आले तेव्हा तू माहेरी आलेली होतीस. तू आबांपुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तिले नोकरी करू द्या, नाई म्हणते तर नाई." आबांना पोटच्या कुणी असं बोललेलं नव्हतं. माझी ही नोकरी, दार लावून घेता येणारं हे घर, हे सगळं तुझ्या त्या एका 'नाई' वर उभं आहे. माझ्यासाठी तुझ्या तोंडात होता तो शब्द. स्वतःसाठी का नव्हता, अक्का? माझ्या रागाच्या मुळाशी हे आहे. बाकी सगळे परके, त्यांच्यावर किती रागावणार?

आता परवाचं सांगते, म्हणजे झालं.

पंगती उठल्या. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. गुडीहत्नूरच्या बाईही आल्या होत्या, मुलाची आई. भाजीपाल्याचा मळा आहे त्यांचा, हाताला अजून मातीचा रंग, बोलायला साध्या. त्यांनी सहज विचारलं, "झालं तरी काय व्हतं वो इहिणीले?" विहीण म्हणाल्या तुला, अजून नातं जुळायचं असताना. सासूबाई लगेच म्हणाल्या, "कावीळ. पोटातली." रेणू तिथंच सुपारी कातरत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. त्या खाली गेलेल्या मानेत मला तू दिसलीस, आणि मग माझ्यानं राहवलं नाही.

"कावीळ शेवटी झाली," मी म्हटलं. "तिला दोन्ही स्तनांचा कॅन्सर होता. एक काढला. दुसराही काढा म्हणत होती, काढू दिला नाही. त्याचे शेकही पुरे केले नाहीत. रेणूची तपासणी करून घ्या असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, ते तिला कुणी सांगितलं नाही. मी सांगते आहे. सोमवारी मी तिला हैदराबादला नेणार आहे, आणि माझीही तपासणी करून घेणार आहे."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि रडायला लागल्या. तुझ्यासाठी की सोयरिकीसाठी, मला कळलं नाही. दारात भाऊजी उभे होते. ते मला म्हणाले, "संपवलं तू. पोरीचं वाटोळं केलं." रेणूनं अडकित्ता खाली ठेवला. "बाबा, मले काऊन नाई सांगतलं?" एवढंच विचारलं तिनं. गुडीहत्नूरच्या बाई उठल्या आणि हात धुवायला परसात गेल्या. सगळे धरून चालले की गेलं स्थळ.

मी त्यांच्या मागोमाग गेले. माफी मागायला नाही, पाणी घालायला. परसात कुणी नव्हतं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझा हात धरला. मला वाटलं, निरोप घेतायत. त्यांनी माझा हात आपल्या पदराखाली नेला, उजव्या बाजूला, काखेच्या जवळ, आणि तिथं दाबून धरला.

"हे पाहा बरं," त्या म्हणाल्या. "कापूस वेचाच्या वख्तापासून हाय. दुखत तर नाई."

बोटांखाली गाठ होती. कडक, जागची न हलणारी. मला तुझी आठवण झाली असं मी म्हणणार नाही. तेव्हा फक्त त्याच होत्या माझ्यासमोर. कुणाला सांगितलं का, मी विचारलं. नाही म्हणाल्या, मालकालाही नाही. मग सोमवारी आमच्यासोबत चला, मी म्हटलं. त्यांनी हळूच माझा हात बाहेर काढला, पदर नीट केला.

"पोराचं लगन तर होऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमची रेणू आमाले पसंत हाय. तिले नेऊन आणा, आमचं काई म्हणणं नाई. पण माह्यं कोणाले सांगू नका. सून घरात आली का मंग पाहू."

म्हणजे सोयरीक मोडली नाही, अक्का. भाऊजींना सांगितलं तर ते पेढे वाटतील. तुझी लेक ज्या घरात जाणार आहे, त्या घरात तिची सासू तुझंच दुखणं पदराखाली घेऊन बसली आहे आणि तुझ्या लेकीचं लग्न व्हायची वाट पाहते आहे.

गाडीत तीन जागा धरल्या आहेत. रेणूनं रजा टाकली आहे, आणि तिला मी तिच्या होणाऱ्या सासूचंही सांगून टाकलं. नका सांगू म्हणाल्या होत्या, पण न सांगितल्यानं काय होतं ते मी पाहिलं आहे. रेणू म्हणाली, "मावशी, त्याईले आपण दोघी जाऊन आणू." उद्या जाणार आहोत गुडीहत्नूरला. त्या येतील की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या जागी तू असतीस तर आली नसतीस. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि या जन्मात मी तुला ते माफ करणार नाही.